कंसातले नाव कोणाचे?

४५ आरपीएमच्या जुन्या रेकॉर्डच्या मधोमध कागदाचे एक गोल लेबल असते. त्यावर कंपनीचे नाव ठळक, गाण्याचे नाव त्याहून लहान, गायकांचे नाव त्याच्या जवळपास. आणि गाण्याच्या नावाखाली, कंसात, अगदी बारीक अक्षरांत एक-दोन आडनावे. ऐकणारा ती वाचत नाही. रेकॉर्ड फिरत असते, पोरे नाचत असतात, कंसाकडे कोण बघतो? पण पैसा त्या कंसातून वाहतो. या लेखात त्या कंसाबद्दलच बोलायचे आहे.

विषय आहे डू-वॉपचा. १९५० च्या दशकात न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, शिकागो, बाल्टिमोर, फिलाडेल्फिया अशा शहरांतल्या कृष्णवर्णीय वस्त्यांत चार-पाच पोरे एकत्र येऊन वाद्यांशिवाय गायची. एक मुख्य आवाज, एक खर्जातला, एक चढ्या पट्टीतला आणि मधली जागा भरणारे दोन. खर्जवाला तोंडानेच डबल बेस वाजवायचा. मधले आवाज ट्रंपेट-सॅक्सोफोनची जागा अर्थ नसलेल्या अक्षरांनी भरून काढायचे. त्या अक्षरांवरूनच पुढे 'डू-वॉप' हे नाव पडले. हे नाव त्या पोरांनी दिलेले नाही. ते १९६० च्या दशकात रुळले आणि तोवर त्यांच्यातल्या बहुतेकांचे गाणे बंद पडले होते. म्हणजे ज्यांनी कला घडवली त्यांच्या हाती कलेचे नाव ठेवण्याचा अधिकारही राहिला नाही.

आज अमेरिकेत ही गाणी 'जुन्या निरागस दिवसांची आठवण' म्हणून वाजवली जातात. चकचकीत मोटारी, शाळेतले नाच, पहिले प्रेम. माझे म्हणणे असे आहे की ही निरागसता बाजाराने तयार केलेली आहे. या गाण्यांचा खरा इतिहास हा श्रमाचा आणि मालकीचा इतिहास आहे. आणि त्यात झालेली लूट अंधारात, चोरपावलांनी झालेली नाही. ती कागदावर, सही-शिक्क्यानिशी झाली. म्हणूनच ती समजून घेतली पाहिजे.

आधी वस्ती पाहू. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दक्षिणेतल्या कापसाच्या शेतांतून, झुंडींच्या हत्याकांडांतून सुटण्यासाठी लाखो कृष्णवर्णीय माणसे उत्तरेच्या शहरांत येऊ लागली. हार्लेम हे त्यांचे सर्वांत मोठे ठिकाण. बाबासाहेब १९१३ ते १९१६ ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, ते या हार्लेमला लागूनच आहे. उत्तरेत आल्यावर गुलामीच्या खुणा पुसल्या गेल्या असे नाही. बँका या वस्त्यांना घरासाठी कर्ज देत नसत, चांगल्या भागात घर भाड्याने मिळत नसे. संगीताच्या धंद्यातही वेगळी पंगत होती. 'बिलबोर्ड' हे धंद्याचे साप्ताहिक कृष्णवर्णीयांच्या गाण्यांची यादी जून १९४९ पर्यंत 'रेस रेकॉर्ड्स' या नावाने छापत होते. मग नाव बदलून 'रिदम अँड ब्लूज' झाले. नाव बदलले, पंगत वेगळीच राहिली.

अशा वस्तीतल्या पोराकडे वाद्य घ्यायला पैसे नसत. गळा मात्र घरचा होता. ही पोरे जिन्याखाली, इमारतीच्या बोळात, शाळेच्या मुतारीत, भुयारी रेल्वेच्या स्टेशनात गायची. कारण तिथे आवाज घुमतो. स्टुडिओला जो प्रतिध्वनी यंत्राने आणावा लागतो, तो इथे फुकट मिळायचा.

यावर एक ठरलेले कौतुक ऐकू येते: 'संगीत त्यांच्या रक्तातच असते.' या कौतुकापासून सावध राहिले पाहिजे. गुण जन्माने येतो असे सांगणारा माणूस कष्टाचे दाम बुडवायची तयारी करत असतो. ब्रॉंक्समधल्या सेंट अँथनी ऑफ पॅडुआ या कॅथलिक शाळेतल्या पाच मुलींचे उदाहरण घ्या. त्या शाळेच्या गायनवृंदात लहानपणापासून लॅटिन भाषेतले ग्रेगोरियन गायन शिकल्या होत्या. एका प्रतिस्पर्धी शाळेच्या नावावरून त्यांनी ग्रुपला 'शँटेल्स' असे नाव घेतले. १९५७ मध्ये 'ही'ज गॉन' आणि त्याच वर्षाअखेरीस 'मेबी' या रेकॉर्डमध्ये त्यांची मुख्य गायिका आर्लीन स्मिथ जी झेप घेते, ती रक्तातून आलेली नाही, वर्षानुवर्षांच्या तालमीतून आलेली आहे. चर्च, शाळा आणि जिना ही या पोरांची संगीत विद्यालये होती. त्यांना पदवी कोणी दिली नाही, एवढाच फरक.

या पोरांना मोठ्या कंपन्या विचारत नसत. त्यांना रेकॉर्ड करण्याचे काम छोट्या कंपन्यांनी केले. त्यातला एक मालक कृष्णवर्णीय होता, बॉबी रॉबिन्सन. दक्षिण कॅरोलायनातून आलेल्या या माणसाने १९४६ मध्ये हार्लेमच्या १२५ व्या रस्त्यावर रेकॉर्डचे दुकान टाकले. दुकानाच्या दारात पोरे येऊन गाऊन दाखवायची. १९५१ च्या अखेरीस त्याने मेलो-मूड्स या शाळकरी वयाच्या ग्रुपचे 'व्हेअर आर यू' हे रेकॉर्ड काढले. देशाच्या रिदम अँड ब्लूज यादीत पोचलेल्या अगदी पहिल्या किशोरवयीन ग्रुपांपैकी हा एक. आज मेलो-मूड्सचे नाव संग्राहक सोडले तर कोणाला माहीत नाही. पुढे १९५६ मध्ये रॉबिन्सननेच चॅनल्स या ग्रुपचे 'द क्लोजर यू आर' काढले. त्याचा गायक अर्ल लुईस तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांचा. एक गाणार आणि बाकीचे मागे ओढणार, ही रीत मोडून या ग्रुपने पाचही आवाज एकदम पुढे आणले.

आता मेलो-मूड्सच्या रेकॉर्डचा कंस पाहू. मूळ गाणे फ्रँक लोसर या नामांकित गीतकाराने एका चित्रपटासाठी लिहिलेले. त्यामुळे कंसात त्याचे नाव असणे योग्यच. पण त्या गाण्याला हार्लेमच्या पोरांनी दिलेला संथ, रेंगाळणारा घाट, पाच आवाजांची रचना हे काम कोणाचे? कायद्याच्या लेखी ते काम अस्तित्वातच नव्हते.

अमेरिकेचा १९०९ चा कॉपीराइट कायदा गाणे 'लिहिणाऱ्याला' ओळखत होता, गाणाऱ्याला नाही. एकदा गाणे रेकॉर्ड झाले की दुसरा कोणीही ते पुन्हा रेकॉर्ड करू शके. त्याने फक्त प्रत्येक प्रतीमागे दोन सेंट गीताच्या मालकाला द्यायचे. हा दर १९०९ पासून १९७७ च्या अखेरपर्यंत तोच राहिला. ध्वनिमुद्रणाला संघराज्याच्या कायद्याचे संरक्षण मिळाले ते १५ फेब्रुवारी १९७२ नंतरच्या मुद्रणांना. रेडिओवर गाणे वाजले तर पैसे लेखकाला आणि प्रकाशकाला, गायकाला काही नाही. अमेरिकेतल्या साध्या रेडिओबाबत हे आजही तसेच आहे. आणि गाण्याची मांडणी, तिचा घाट, तिची लकब कोणी हुबेहूब उचलली तर? १९५० मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका न्यायालयाने सुप्रीम रेकॉर्ड्स विरुद्ध डेक्का या खटल्यात सांगितले की अशा मांडणीवर मालकी सांगता येत नाही.

म्हणजे वस्तीतल्या पोरांकडे जे होते, त्याला कायद्यात किंमत नव्हती. आणि ज्याला किंमत होती, ते कंसात लिहायचे असते हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

या कायद्याने दोन दरवाजे उघडले. पहिला दरवाजा नक्कल करणाऱ्यांसाठी. १९५४ मध्ये ब्रॉंक्समधल्या कॉर्ड्स या ग्रुपचे 'शू-बूम' अटलांटिक कंपनीच्या कॅट या लेबलवर आले. ते त्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूचे गाणे होते, तरी गोऱ्या श्रोत्यांच्या यादीतही चढू लागले. लगेच मर्क्युरी या बड्या कंपनीने कॅनडातल्या क्रू-कट्स या गोऱ्या ग्रुपकडून तेच गाणे गाऊन घेतले. त्या उन्हाळ्यात क्रू-कट्सचे रेकॉर्ड कित्येक आठवडे देशात पहिल्या क्रमांकावर होते. कॉर्ड्सचे नशीब एवढेच की कंसात त्या पाच पोरांची स्वतःची नावे होती. त्यामुळे नकलेवरही लेखनाचा हिस्सा मागण्याचा हक्क त्यांच्याकडे राहिला. पण त्यांचे व्यासपीठ, त्यांचे कार्यक्रम, त्यांची ओळख दुसरेच घेऊन गेले.

त्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये पेंग्विन्स या ग्रुपने 'अर्थ एंजेल' रेकॉर्ड केले. स्टुडिओ म्हणजे टेड ब्रिन्सन या वादकाच्या घरामागचे गॅरेज. शेजारचा कुत्रा भुंकला की गाणे पुन्हा पहिल्यापासून, अशी आठवण सांगितली जाते. कंपनी डूटोन, मालक डूटसी विल्यम्स, कृष्णवर्णीय. हे गाणेही क्रू-कट्सने उचलले आणि मूळ गायकांच्या पुढे नेले. पण या गाण्याचा दुसरा वाद घरातलाच होता. ते नेमके लिहिले कोणी? वस्तीतल्या अनेक पोरांनी मिळून, एकमेकांच्या गाण्यांतले तुकडे जोडून ते घडले होते. न्यायालयीन वादानंतर कर्टिस विल्यम्स, जेसी बेल्विन आणि गेनेल हॉज ही तीन नावे कंसात स्थिरावली. वस्तीत गाणे सामुदायिक असते, कायदा मात्र नावे मोजतो. ज्याचे नाव मोजणीत आले नाही तो इतिहासातून गेला.

या नकलांविरुद्ध कोणी आवाजच उठवला नाही असे नाही. १९५५ मध्ये लावर्न बेकर या गायिकेने मिशिगनचे कृष्णवर्णीय काँग्रेस सदस्य चार्ल्स डिग्ज यांना पत्र लिहून मागणी केली की सुरागणिक नक्कल करणे कायद्याने बंद करा. ती 'ट्वीडली डी'ची मूळ गायिका, आणि जॉर्जिया गिब्ज या गोऱ्या गायिकेने ते गाणे तसेच्या तसे उचलले होते. कायदा बदलला नाही. पण मागणी नोंदलेली आहे. 'त्या काळी असेच चालायचे, कोणाला काही वाटत नसे' असे जे म्हणतात, त्यांना हे पत्र दाखवले पाहिजे.

दुसरा दरवाजा जास्त घातक होता: कंसातच घुसायचे. १९५६ मध्ये टीन क्वीन्स या दोन बहिणींचे, बेटी आणि रोझी कॉलिन्स यांचे, 'एडी माय लव्ह' आले. कंसात त्यांचा भाऊ आरन कॉलिन्स, वादक-संयोजक मॅक्सवेल डेव्हिस आणि 'लिंग' नावाचा कोणी तिसरा. हा सॅम लिंग कोण? असा गीतकार कधी नव्हताच. ते कंपनीच्या मालकांपैकी सॉल बिहारी याचे टोपणनाव. त्याचे भाऊ जूल्स आणि जो हेही असेच 'टॉब' आणि 'जोसिया' या नावांनी इतरांच्या गाण्यांत वाटेकरी होत. रेडिओवर कृष्णवर्णीय संगीताचा कैवारी म्हणून ज्याचे गोडवे गातात, त्या अ‍ॅलन फ्रीडचे नावही मूनग्लोज या ग्रुपच्या 'सिन्सिअरली'च्या आणि चक बेरीच्या 'मेबेलीन'च्या कंसात आहे. चक बेरीला 'मेबेलीन'वरची अशी परकी नावे काढून टाकायला १९८६ उजाडावे लागले.

आणि आता या सगळ्याचे सर्वांत बोलके उदाहरण. हार्लेमच्या उत्तरेला वॉशिंग्टन हाइट्समध्ये एका शाळेतली पाच पोरे: हर्मन सँटियागो, जिमी मर्चंट, जो नेग्रोनी, शर्मन गार्न्स आणि सर्वांत धाकटा फ्रँकी लायमन. तीन कृष्णवर्णीय, दोन पोर्तो रिकन. एकाच शाळेत, एकाच जिन्यावर ते भेटले. जॉर्ज गोल्डनरच्या जी या लेबलवर १९५६ च्या जानेवारीत त्यांचे 'व्हाय डू फूल्स फॉल इन लव्ह' आले तेव्हा लायमन तेरा वर्षांचा होता. गाणे अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये गाजले. कॉपीराइटच्या नोंदीत नावे आली लायमन आणि गोल्डनर यांची. गोल्डनर जुगारी होता, कर्जापायी त्याने आपली लेबले मॉरिस लेव्हीला विकली. पुढे गोल्डनरच्या जागी लेव्हीचे नाव लागले. गाणे तेच, लिहिणारा मात्र मालकासोबत बदलला! जमिनीच्या सातबाऱ्यावर नाव बदलावे तसे गीतकाराचे नाव बदलले.

लायमनला ग्रुपपासून तोडून एकटा गायक बनवण्यात आले. आवाज फुटला, बाजार संपला. फेब्रुवारी १९६८ मध्ये तो हार्लेममध्ये आजीच्या घरी हेरॉइनच्या अतिसेवनाने मेला. वय २५. १९८१ मध्ये डायना रॉसने ते गाणे गायले, ते पुन्हा गाजले, कंसातून पुन्हा पैसा वाहू लागला. १९८७ मध्ये सँटियागो आणि मर्चंट न्यायालयात गेले. आपणही या गाण्याचे लेखक आहोत, लेव्हीच्या धमक्यांमुळे इतकी वर्षे गप्प होतो, असे त्यांचे म्हणणे. १९९२ मध्ये ज्युरीने त्यांना लेखक मानले. १९९३ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने या पाचही जणांचा सन्मान केला. आणि १९९६ मध्ये अपील न्यायालयाने निकाल फिरवला: सहलेखनाचा दावा तीन वर्षांच्या मुदतीत करायला हवा होता. त्यांनी गाणे लिहिले नाही असे न्यायालय म्हणाले नाही. उशीर झाला, एवढेच म्हणाले. सन्मान फुकटात देता येतो, हक्क द्यायला खिशात हात घालावा लागतो.

'निरागसता' कशी बनवली गेली तेही पाहू. १९५७ मध्ये ईस्ट हार्लेममधल्या अकरा ते पंधरा वर्षांच्या पाच मुली, बॉबेट्स, अटलांटिककडे 'मिस्टर ली' हे गाणे घेऊन गेल्या. गाणे त्यांच्या शाळेतल्या एका शिक्षकावर होते आणि त्यात त्याची खिल्ली उडवलेली होती. कंपनीने शब्द बदलायला लावले. टवाळीचे कौतुक झाले. त्या स्वरूपात गाणे रिदम अँड ब्लूज यादीत पहिल्या आणि पॉप यादीत सहाव्या क्रमांकावर गेले. मुलींनी मग 'आय शॉट मिस्टर ली' रेकॉर्ड केले, म्हणजे मिस्टर लीला गोळीच घातली. ते १९६० मध्ये वेगळ्या कंपनीकडून बाहेर आले. या मुलींना राग होता, विनोद होता, स्वतःचे मत होते. बाजाराला मात्र गोड मुली हव्या होत्या.

त्याच १९५७ मध्ये अ‍ॅलन फ्रीडच्या टीव्ही कार्यक्रमात फ्रँकी लायमन एका गोऱ्या मुलीबरोबर नाचताना दिसला. दक्षिणेतली स्टेशने खवळली आणि कार्यक्रम बंद पडला. तेरा-चौदा वर्षांच्या पोराचे नाचणे ज्या देशाला सहन होत नाही, त्या देशाने त्याच्या गाण्याला 'निरागस दिवसांची आठवण' म्हणावे, हा ढोंगीपणा आहे.

एक आक्षेप येईल, आणि तो टाळता कामा नये. 'या छोट्या मालकांनी पैसे घातले नसते तर ही गाणी जिन्याखालीच विरली असती.' खरे आहे. गोल्डनरला कान होता, त्याने कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन पोरांना एकत्र संधी दिली, शँटेल्सनाही त्यानेच रेकॉर्ड केले. पण पैसे घालणाऱ्याचा हिस्सा नफ्यात असतो. तो कंपनीचा मालक म्हणून मिळतच होता. लेखक म्हणून नाव लावणे हा नफा नव्हे, ते दुसऱ्याच्या बुद्धीवर आपले नाव कोरणे आहे. दुसरा आक्षेप: 'सगळेच लुटले गेले असे नाही.' हेही खरे. १९५६ मध्ये न्यू हेवनच्या सेंट बर्नाडेट चर्चच्या तळघरात फाइव्ह सॅटिन्सने 'इन द स्टिल ऑफ द नाइट' रेकॉर्ड केले. त्याच्या कंसात फ्रेड पॅरिस या गायकाचे एकट्याचे नाव आहे. पण या उदाहरणाने माझाच मुद्दा पक्का होतो. फरक प्रतिभेचा नव्हता, कागदाचा होता.

पुढची लढाई कागदावरच झाली. रूथ ब्राउन या गायिकेने हॉवेल बेगल या वकिलाला सोबत घेऊन अटलांटिकशी वर्षानुवर्षे झगडा केला. १९८८ मध्ये कंपनीला जुन्या कलावंतांच्या रॉयल्टीचा हिशेब पुन्हा करावा लागला आणि त्यातूनच रिदम अँड ब्लूज फाउंडेशन उभे राहिले. जुन्या ग्रुपांची नावे वापरून फिरणाऱ्या बनावट ग्रुपांविरुद्ध २००५ पासून एकेका राज्याने कायदे केले. २०१८ च्या कायद्याने १९७२ पूर्वीच्या रेकॉर्डना डिजिटल प्रसारणाचा मोबदला मिळू लागला. तोवर त्या जिन्यांवरचे बहुतेक आवाज थांबले होते. रूथ ब्राउनने जे मिळवले, ते कोणाच्या उपकाराने मिळाले नाही.

आणि बॉबी रॉबिन्सन? त्याच दुकानाच्या मालकाने १९७९ मध्ये ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्यूरियस फाइव्ह यांचे रॅप रेकॉर्ड काढले. कोपऱ्यावर उभे राहून, वाद्याशिवाय, तोंडाने गाणे घडवणारी पोरे पुन्हा त्याच्याच दारात आली होती.

आज आपल्या वस्त्यांतही पोरे मोबाईलवर रॅप लिहितात, गाणी बांधतात, दुसऱ्याच्या चॅनेलवर टाकतात. त्यांच्यासाठी एवढेच. भारताच्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीत समान हिस्सा दिला आहे, आणि हक्क हस्तांतर लेखी असल्याशिवाय ग्राह्य धरले जात नाही. तेरा वर्षांच्या लायमनकडे हे नव्हते, तुमच्याकडे आहे. गाणे बांधून झाले की त्याच दिवशी कोणी काय लिहिले ते कागदावर लिहा, सगळ्यांनी सह्या करा, तारीख घाला. कंसात आपले नाव आपणच लिहायचे असते. आपण लिहिले नाही तर तो कंस रिकामा राहत नाही.